आधी अंग, मग डोळे

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी मला लिंबू-मिरचीचे सल्ले द्यायला नको... मी असलं काही मानत नाही. मांजर आडवी गेली तर मी गाडी थांबवते, पण ती मांजरीसाठी. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. कुणी म्हणालं की अमुक बिघाड झाला, तर माझा पहिला प्रश्न असतो – पुन्हा करून दाखव. पुन्हा होत नसेल तर माझ्या लेखी तो झालाच नाही. या एका नियमावर माझं पोट चालतं, आणि सध्या याच नियमाने माझं डोकं फिरवलं आहे. म्हणून इथे लिहिते आहे. कुणाला कारण सापडलं तर कृपा करून सांगा.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे पेणचे. अण्णांनी जन्मभर गणपतीच्या कारखान्यात आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. रंगकाम कुणीही करतं, पण डोळ्यांना अण्णाच लागायचे. सीझनमध्ये तीन-तीन कारखान्यांची माणसं त्यांना न्यायला दारात उभी असायची. मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं जरा जड झालं, पाय काठीच्या आधाराने सावरला, पण उजवा हात गेला तो गेलाच. बोटं मुठीत वळलेली, हात कायम थंडगार. मी त्यांना बावधनला आमच्याकडे आणलं. फिजिओथेरपी, तेल, गोळ्या, ते टोचायचं मशीन, सगळं झालं. हात ढिम्म. अण्णा टीव्ही बघताना डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत बसायचे, आणि ती पुन्हा मिटायची. मला ते बघवायचं नाही. त्यांचा हात परत यावा, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

तर एका रविवारी आम्ही मुळशी धरणाकडे निघालो होतो. मी, नवरा निनाद, सहा वर्षांची रेवा आणि अण्णा. भूगावच्या ट्रॅफिकमध्येच अर्धी सहल संपली. पौडला चहा झाला, आणि तिथे रेवाने एक बोर्ड पाहिला – मुलांसाठी कलाग्राम, कोळवण रस्ता. माती, रंग, विणकाम, हाताने करून बघा. झालं! धरण राहिलं बाजूला.

जागा चांगली होती, खोटं कशाला बोलू. भात काढून झालेली खाचरं, मधोमध कुणा पुण्याच्या माणसाचं फार्महाऊस, त्याच्या पडवीत लांबच लांब टेबलं. मुलांच्या कपड्यांचा सत्यानाश चालला होता आणि आईबाप फोटो काढत होते. मातीच्या टेबलावर तिथल्याच, मुळशीजवळच्या माले गावच्या एक बाई होत्या, सुमनताई. रेवाने तासभर खपून बैल केला, आणि मग सुमनताई म्हणाल्या, "ह्यो वाळाया लई दिस लागत्याल. रंगवायचा आसंल तर ह्यो तयार घ्या."

रेवाने भोकाड पसरलं. तिची समजूत काढण्यात आणखी वेळ गेला. शेवटी तयार बैल घेतला, आणि बाईसाहेबांना तो निळा हवा. निळा तर निळा. पण ती मुंगीच्या पावलाने रंगवायला लागली. एक ठिपका, मग बघत बसणं, मग दुसरा ठिपका. इकडे पिरंगुटला परतीची रांग लागायला सुरुवात झाली असणार, अण्णांच्या गोळीची वेळ होत आलेली, आणि निनादला मी गाडी काढायला पाठवलेलं. माझा पारा चढला.

"आण इकडे," मी म्हटलं. "मी डोळे काढते, म्हणजे बैल झाला. बाकीचा निळा घरी."

अण्णा माझ्या बाजूलाच खुर्चीत बसले होते, मांडीवर उजवी मूठ. मी मुलांचा तो चपटा, बोटभर रुंदीचा ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि बैलाच्या तोंडाशी नेला.

माझं मनगट कुणीतरी धरलं.

घट्ट. आणि गरम – हे मला आजही आठवतं, तापातल्या माणसाचा असावा तसा गरम तळवा. मी वळून पाहिलं तर तो अण्णांचा उजवा हात होता. बोटं सरळ, उलगडलेली, माझ्या मनगटाभोवती.

"आधी अंग," अण्णा म्हणाले. "आधीच डोळे उघडलेस तर त्याला सगळं रंगकाम बघत बसावं लागेल."

लहानपणी कारखान्यात हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं. नवीन पोरगा घाई करायला लागला की त्याला हेच ऐकवायचे. त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि रेवाला मानेने खूण केली – तू कर. रेवा निमूट रंगवत राहिली. पूर्ण बैल निळा होईपर्यंत अण्णांचा हात ब्रश घेऊन हवेत थांबला होता. जरासुद्धा थरथर नाही. मला ओरडायचं होतं, निनादला हाक मारायची होती, निदान फोन काढायचा होता. पण मी मूर्खासारखी बघत राहिले.

मग त्यांनी बैल स्वतःकडे वळवला. वरची पापणी एका फटक्यात. खालची. बुबुळ, आणि बुबुळात प्रकाशाचा कण म्हणून सोडलेला इवलासा कोरा ठिपका. मग दुसरा डोळा. रेघ कशी, तर केसासारखी. शेवटची रेघ संपली आणि हात मांडीवर पडला, ब्रश घरंगळत खाली गेला. मी झडप घालून हात धरला. थंडगार. मूठ वळलेली.

टेबलापलीकडे सुमनताई मातीचा गोळा हातात धरून उभ्याच होत्या. "वारं ग्येलंय म्हनत हुता न्हवं तुमी?" त्या म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दुसऱ्या मुलांकडे गेल्या.

गाडीत मी अण्णांना विचारून विचारून हैराण केलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "मी नाही धरला तुझा हात."

"मग कुणी धरला?"

"माझ्या हातावर वजन होतं," ते म्हणाले. "शिकताना असायचं तसं."

याचा अर्थ सांगायला हवा. आखणी तोंडाने सांगून शिकवत नाहीत. उस्ताद मागे उभा राहून शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवतो आणि रेघ ओढून घेतो. अण्णांना असं त्यांच्या दामूकाकांनी शिकवलं. दामूकाका मी जन्मायच्या आधीच गेले. मी अण्णांना स्पष्ट म्हटलं, की असलं काही नसतं. ते "बरं" म्हणाले. त्यांचं हे "बरं" मला लहानपणापासून डोक्यात जातं.

त्या संध्याकाळी निनादने आणि मी मिळून अण्णांची मूठ उलगडली. अंगठ्याच्या आतल्या बाजूला काळा रंग होता, जिथे ब्रश धरतात तिथेच.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मेंदू आहे. एखाद्या वेळी भावनेच्या भरात जुनी सवय निसटून बाहेर येते." दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने हात तपासला, ताकद शून्य. ठीक आहे, मेंदू आहे, मानलं. पण ब्रशचं काय? तसलाच चपटा ब्रश मी विकत आणला. त्याने केसासारखी रेघ निघतच नाही हो! मी पातळ रंग घेऊन पाहिला, ब्रश आडवा, उभा, कोपऱ्यावर धरून पाहिला. निनादच्या चित्रकार मित्राला बैल दाखवला. तो म्हणाला, "हे शून्य नंबरच्या, सगळ्यात बारीक ब्रशचं काम आहे, थट्टा करू नकोस." मी थट्टा करणाऱ्यातली वाटते का?

मग मी माझ्या धंद्यातलं जे येतं तेच केलं. पुन्हा करून बघायचं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा कोळवणला. तेच टेबल, तशीच खुर्ची, तयार बैल, निळा रंग. निनादला गाडी काढायला पाठवलं, बिचारा गेलाही. मी ब्रश बैलाच्या तोंडाशी नेला आणि थांबले. काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. सुमनताई आता आम्हाला बघून दुसऱ्या टेबलावर जायला लागल्या. रेवाला कंटाळा आला, ती चक्क विणकामाकडे पळाली. तिसऱ्या खेपेला मी थांबले नाही, कोऱ्या बैलाला सरळ डोळे काढले. वेडेवाकडे, तिरळे, दोन्ही एकाच बाजूला झुकलेले. अण्णांना राग यावा, हात उठावा, म्हणून. माझं सगळं लक्ष त्यांच्या मुठीवर होतं.

मूठ मांडीवरच होती. मी वर पाहिलं तर अण्णांच्या डोळ्यांत पाणी.

"मुद्दाम केलेली चूक कळते, वैशू," ते म्हणाले. "मलाही कळते. माझ्या हातावर ज्याचं वजन होतं, त्यालाही कळत असेल. बोलावलं की यायला तो काय तुझा नोकर आहे?"

"अण्णा, मला फक्त तुमचा हात..."

"हात गेला. मी रडून घेतलं त्याच्यासाठी. तू दर रविवारी मला इथे आणून तो पुन्हा घालवतेस." त्यांनी डाव्या हाताने तो तिरळा बैल माझ्याकडे सरकवला. "आणायचं तर आण. पण माझ्या हाताकडे बघत बसू नकोस. पोरीकडे बघ."

मी उठून गाडीपाशी गेले आणि निनादवर विनाकारण ओरडले. मग रडले. राग कुणाचा आला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एकदा मिळालं होतं ना! मग पुन्हा का नाही? एवढंच तर विचारत होते.

आता आम्ही कोळवणला जातो ते रेवासाठी. मी अण्णांच्या हाताकडे बघत नाही. निदान तसा प्रयत्न करते. कारण अजून मिळालेलं नाही, आणि ऑफिसात "पुन्हा घडत नाही" असा शेरा मारून मी एखादी तक्रार बंद करते तेव्हा पूर्वीसारखं समाधान वाटत नाही.

रेवाने मात्र तिच्यापुरता निकाल लावला आहे. ती आता बैल, हत्ती, ससे, काय वाट्टेल ते करते. अंग आधी, अगदी शेपटीच्या टोकापर्यंत. डोळे काढत नाही, मला तर ब्रशला हातही लावू देत नाही. "अण्णा काढतील," म्हणते. अण्णा "बरं" म्हणतात. आमच्या टीव्हीखालच्या फळीवर आता निळ्या बैलाच्या शेजारी बिनडोळ्यांच्या जनावरांची रांग लागली आहे. मी रोज त्यांच्यावरची धूळ पुसते, चिडचिड करते, आणि पुसून झाल्यावर प्रत्येकाचं तोंड अण्णांच्या खुर्चीकडे करून ठेवते.