डोस दारावर लिही

"किती वाजता देल्लं?" हा तिचा पहिला प्रश्न. ताप किती आहे, पोर जेवलं का, हे सगळं नंतर. उत्तर मिळेपर्यंत ती दारातून हलायची नाही. आणि औषध ओतायला तुमच्या हातात घरातला चमचा दिसला, तर तो हिसकावून सरळ गल्लीत फेकायची.

"काहून वं, हा चमचा कोणं मोजला? बाटलीचं झाकण कुठं ठेवलं?"

वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे आमच्या आठ भाड्याच्या खोल्या एका ओळीत आहेत. पहिली तिची. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य काढून ती निवृत्त झाली होती. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणत, पाठीमागे खडूस म्हणत. पाठीमागे बोलणाऱ्यांत मी पुढे होतो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बरोबर बोलतात, पण गोड बोलत नाहीत. आपल्याला मात्र गोड बोलणारा पाहिजे असतो, मग तो काहीही सांगो.

मी त्याच गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. दर दोन महिन्यांनी एका रविवारी ती ओळीतली सगळी पोरं घेऊन यायची आणि पार्सलच्या काट्यावर एकेकाला उभं करायची. "लिही गा, साडेचौदा किलो." हमाल विचारायचे, "सिस्टर, कुठं पाठवाचा हा माल?" ती हसायची नाही. पण काट्यावरून उतरवताना प्रत्येकाचे केस मात्र नीट करायची. मग त्या त्या खोलीच्या दारावर खडूनं वजन लिहायची. डोस वजनावर ठरतो, मागच्या वर्षीची चिठ्ठी यंदाच्या तापाला चालत नाही, हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलं असेल.

ताप आला की त्याच दारावर डोस लिहायचा. वेळ, किती मिली, कोणी दिला. आमच्याकडे आई पॅकिंगच्या शिफ्टला जाते, पोर शेजारी राहतं, बाप जेवायला येऊन जातो. "पोट्टं एक अन् देनारे चार," ती ओरडायची. "डोस दारावर लिही!"

मग घरमालकानं सगळ्या दारांना निळा ऑइलपेंट मारला आणि आम्हाला ओळीनं उभं केलं. दारावर यापुढे एक रेघ दिसता कामा नये, म्हणाला. ती म्हणाली, "दार मोठं का लेकरू मोठं?" त्यानं आमच्याकडे पाहिलं. बोललो तो मी. "सिस्टर, पुरे करा आता. ही काय शाळा आहे का?"

सगळे हसले. तिनं खडू पिशवीत टाकला आणि आत गेली.

महिन्याभरात ती सावनेरला भाचीकडे निघून गेली. तिची ट्रंक टेम्पोत मीच चढवली आणि मला बरं वाटलं. घरमालकाचा राग येतो, पण त्या बरं वाटण्याचा मला जास्त राग येतो. अजून येतो.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलीला ताप आला. चार वर्षांची. बायको शिफ्टला जाताना तापाचं औषध देऊन जायची. शेजारच्या मावशी अंग गरम लागलं की त्यांच्याकडच्या बाटलीतून पुन्हा द्यायच्या, मायेनंच. दुपारी मी सर्दीची बाटली आणून त्यातलं पाजलं. त्या बाटलीतही तेच तापाचं औषध होतं. मी दिवसभर कागद वाचणारा माणूस, पण बाटलीवरचा कागद वाचला नाही. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उलट्या करायला लागली. हाक मारली तरी नीट डोळे उघडेना.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिन्ही बाटल्या पुढे मांडून विचारलं, "शेवटचा डोस किती वाजता दिला? दोन दिवसांत किती झाले?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मावशींकडे पाहिलं. मावशी रडायला लागल्या. तिघंही पोरीवर जीव टाकणारे, आणि एकालाही माहीत नव्हतं. घरी दार होतं, निळं, कोरं.

जास्तीच्या औषधानं यकृताला सूज आली होती. पाच दिवस मुलगी तिथं होती. वाचली.

ती पुन्हा हिंडायला-फिरायला लागल्यावर मी सावनेरला गेलो. सिस्टर ओसरीवर बसली होती, बरीच वाळलेली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती जवळ घेईल, म्हणेल जाऊ दे गा, असं मला उगाच वाटत होतं. तिनं विचारलं, "आता वजन किती आहे तिचं?"

शेवटचं कधी मोजलं, ते मी आठवायला लागलो.

"मंग मले काय सांगून राहिला? इतक्या दूर आला, पोट्टीले काट्यावर उभी करता नाही आली? माफी नको मले. डोस दारावर लिही."

तेच शेवटचं. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. आम्हाला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

परवा मुलीला पुन्हा ताप आला. डॉक्टरांकडे नेलं, त्याआधी काट्यावर उभी केली. साडेसोळा किलो. बाटलीच्या झाकणानं मोजून डोस दिला आणि खडू घेऊन दारापाशी गेलो. ऑइलपेंटवर खडू उमटेना. घासला, तुटला, पुन्हा घासला. मग खिशातून गोदामाची किल्ली काढली आणि दारावर वेळ कोरली, डॉक्टरांनी सांगितलेले मिली कोरले, आणि शेवटी 'बाबा'.

निळे टवके पायावर पडत होते. घरमालक गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होता. मी खाली वजनही कोरलं.