प्रत्येक गाण्यात एक वाद्य कमी

विमानतळावर निघायच्या आधी आईनं माझी बॅग छातीशी धरली आणि तिच्यासकट वजनकाट्यावर उभी राहिली. मग स्वतःचं वजन मनातल्या मनात वजा करून म्हणाली, "तेवीस किलो चारशे ग्रॅम. लोणच्याची बरणी काढ." मुलुंडच्या शाळेत तिची सगळी हयात गणित शिकवण्यात गेलेली. तिची वजाबाकी चुकल्याचं आमच्या घरात कुणालाच आठवत नव्हतं. बाबा काही वर्षांपूर्वीच वारले होते, त्यामुळे मागे राहणार होते ती आणि माझा धाकटा भाऊ निखिल. लिफ्टपाशी ती एवढंच म्हणाली, "जेवत जा गं वेळेवर." मी हॅम्बर्गला आले त्याला आता सहा वर्षं झाली.

इथे मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढते. निखिल म्हणतो, ताईला ही नोकरी जन्मतःच लागली होती. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. एका कॉलमध्ये आई तीन-तीनदा विचारायची, "जेवलीस का?" मी तीनदा हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसायचे. माझ्यासारखे घर सोडून आलेले तुम्ही सगळे जाणता, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मोजत नाही. मीही तो माया म्हणूनच घेतला.

गेल्या वर्षी निखिलच्या बँडचा पहिला अल्बम आला. तो आणि त्याचे कॉलेजचे तीन मित्र. निखिल गिटार वाजवतो आणि गातो, सायली बास गिटार वाजवते, बाकी दोघांकडे ड्रम्स आणि कीबोर्ड. सगळा अल्बम आमच्याच हॉलमध्ये, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केलेला. ऑफिसला जाताना बसमध्ये हेडफोन लावून ऐकला आणि खरं सांगते, अजिबात आवडला नाही. दुसऱ्या गाण्यात ड्रम्सच नाहीत. तिसऱ्यात बास गायब. पाचव्यात तर खुद्द निखिल नाही, सायलीच गातेय. मी त्याच दिवशी त्याला चुकांची यादी पाठवली, गाण्यांच्या नंबरांसकट. खाली लिहिलं, स्टुडिओ घ्यायचा ना रे, एवढी कसली घाई होती? त्याचं उत्तर आलं, "तसंच आहे ते, ताई. परत ऐक."

रागारागानेच परत ऐकलं. मग रोज ऐकायची सवय लागली. ड्रम्स नसतात तिथे निखिल गिटारच्या लाकडावर बोटांनी ठेका धरतो. बास नसते तिथे कीबोर्ड खालच्या सुरात उतरतो, पण तिची जागा पुरती बळकावत नाही. जो नाही त्याची आठवण ठेवून बाकीचे तिघं वाजवतात, हे मला उशिरा कळलं, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या गाण्यांवर माझा जीव जडला. कौतुकाने ऑफिसातल्या आन्याला ऐकवलं. तिला मराठीचा गंध नाही. ती म्हणाली, "दर वेळी कुणीतरी उठून बाजूच्या खोलीत गेलंय असं वाटतं." जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून मी निखिलला फोन लावला.

"पाचव्या गाण्याच्या वेळी तू कुठे होतास?"

"किचनमध्ये. आईपाशी."

"का?"

"तिला एकटं नाही सोडता येत आता. दोनदा गॅस उघडाच राहिला. एकदा भाजी आणायला उतरली ती परत घर सापडेना तिला. मग स्टुडिओत कसा जाणार, सांग ना? घरीच केलं सगळं. एकेकाची पाळी लावली तिच्यासोबत बसायची."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिनेच शपथ घातली. म्हणाली, मुक्ताला कळलं तर सगळं सोडून धावत येईल."

एका कॉलमधले ते तीन प्रश्न आता वेगळेच ऐकू यायला लागले. सगळ्या जगाच्या चुका काढणारी मी, मला समोरची दिसली नव्हती. आणि तेवढ्यात शेवटचं गाणं आठवलं. त्या एकाच गाण्यात चारही वाद्यं आहेत. उघडा गॅस, सताड उघडं दार, रस्त्यावर एकटी आई, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"निखिल, शेवटच्या गाण्यात तुम्ही चौघंही आहात. तेव्हा आईपाशी कोण होतं?"

"अगं, ती हॉलमध्येच होती, आमच्यासमोर खुर्चीत. मस्त ऐकत होती. पहिल्याच टेकमध्ये झालं ते गाणं." मग तो म्हणाला, "संपल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाली, छान गातोस रे. कोणाचा तू?"

मी तिकीट काढलंय, तीन आठवड्यांनंतरचं. निखिलने बजावलंय की आल्या आल्या मिठी मारायची नाही, ती दचकते. दारातच थांबायचं, हसायचं आणि आपलं नाव सांगायचं. मला भीती वाटते, आणि ती लपवावीशीही वाटत नाही. इतकी वर्षं घर म्हणजे चपला कुठेही भिरकावून थेट आत शिरायची जागा होती. आता मी दारात उभी राहून म्हणेन, मी मुक्ता. मग ती "ये, बस" म्हणेपर्यंत थांबेन.