आपांचं मानपत्र

आपा प्रशिक्षणाला येणार म्हटलं की आमच्यातल्या निम्म्या शिक्षकांना शाळेतलं तातडीचं काम आठवायचं. कारण आपा शिक्षकांनाच वाचायला बसवायच्या. तेही मराठीच्या नव्हे, गणित, विज्ञान, भूगोल शिकवणाऱ्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे, म्हणजे विज्ञानाच्या बाईपुढे, एका जुन्या खरेदीखताची नक्कल टाकली. मी घडाघडा वाचली. आपा म्हणाल्या, "झ्याक. आता सांगा, जमीन कोणी कोणाले इकली?" मला सांगता येईना! कान गरम झाले. "लाजू नका बाई. तुमची नववी तुमचं पुस्तक रोज असंच वाचते."

आपा मलकापूरच्या. तिथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं पूर्ण नाव हजेरीपत्रकाबाहेर कोणी घेतलं नाही. मोठ्या वर्गांतल्या मुलांना वाचायला कसं शिकवावं, हे आम्हा माध्यमिकच्या शिक्षकांना शिकवायला त्या जिल्हाभर एसटीनं फिरायच्या. "वाचन हे मराठीवाल्याचं काम," असं कोणी बोललं की संपलंच. "काऊन हो सर? तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात काय नुसते नकाशेच हायेत?"

एकदा त्या साखरखेर्ड्याला आमच्या शाळेत माझ्या तासाला आल्या आणि थेट मुलींच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पाठ वाचत होते, समजावत होते, मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. वर्ग कसा शांत, म्हणून मी मनातून खूश. तास संपल्यावर आपा म्हणाल्या, "तुमचं वाचन लय गोड हाये. पोरायचं कवा आयकाव?" त्या दुपारी मला डबा गेला नाही. पण तेव्हापासून माझ्या तासाला मुलं वाचतात, अडतात, मी थांबते. पाठ मागे पडतो, मुख्याध्यापक कुरकुरतात. कुरकुरू देत.

गेल्या उन्हाळ्यात आपा दवाखान्यात असल्याचं कळलं. मग बऱ्या झाल्याचंही कळलं. म्हणून डोणगावच्या प्रशिक्षणात त्यांचा सत्कार ठेवला. आपा आल्या, काठी नाही की काही नाही. चहात वरून साखर मागितली, दोघातिघांची फिरकी घेतली. आम्ही निर्धास्त झालो.

सत्काराआधी चर्चा चालली होती. नव्यानं लागलेले एक गणिताचे सर माइकवर तावातावानं बोलले, "नववीत येऊन ज्याले वाचता येत नाही, त्याचं आम्ही काय करावं? पाठवा त्याले परत पहिलीत!" टाळ्या पडल्या. एरवी आपांनी त्यांना तिथंच सोलून काढलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग शाल झाली, नारळ झाला. मानपत्र खरं तर दुसऱ्यानं वाचायचं असतं, पण आमच्या लोकांना उमाळा आला. आपांचा आवाज, आपांचंच वाचन, आपाच वाचतील! एकच गलका. आपांनी कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. चष्मा विसरला असेल म्हणून पुढच्या रांगेतून चारपाच जणांनी आपापले चष्मे पुढे केले.

"चष्मे ठेवा. नजर चांगली हाये माही," आपा म्हणाल्या. "अक्षरं दिसतात, पण वळखू येत नाई. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. बोलणं टिकलं, लिहिणं टिकलं. वाचणं तेवढं गेलं. मी सोताच लिहिलेलं मलेच वाचता येत नाई."

शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. सगळं सोडून आपांचं वाचनच जावं? मला देवाचा, दवाखान्याचा, सगळ्यांचाच संताप आला.

आपा मात्र कागद टेबलावर ठेवून वाचू लागल्या. कागदावरच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवायचं, तेच तळहातावर गिरवायचं, हाताला ओळखू आलं की मग उच्चारायचं. "आ... द... र..." समोरून कोणीतरी कळवळून ओरडलं, "आदरणीय!"

"चूप बसा," आपा म्हणाल्या. "वाचून राह्यली ना मी."

कपाळावर घाम आला होता. पहिली ओळ संपली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि गणिताच्या सरांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"सर, सांगा बरं. उद्या मी तुमच्या नववीत आली, तर ठेवसान का मले? का पाठवसान पहिलीत?"

आयोजकांनी घाईघाईनं खुर्ची पुढे सरकवली. आपा बसल्या नाहीत. उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.