रिकामा डबा देणारी लायब्ररी

त्या दुष्काळात बीड बायपासवर असं ऊन पडायचं, की सरडेसुद्धा माझ्या स्कूटरच्या सावलीसाठी नंबर लावायचे. पाणी कुठं नव्हतं, कॉलन्या मात्र रोज दोन उगवायच्या. नळ न पोचलेल्या या कॉलन्यांसाठी कुठल्या गल्लीत कधी टँकर येणार ते दाखवणारं वेबपान बनवायचं काम एका टँकरमालकांकडून आमच्या तीन खुर्च्यांच्या ऑफिसला मिळालं.

पान फर्मास होतं. फक्त एखाद्या गल्लीला टँकर नसला, की सगळ्या शहराचं पान पांढरंफटक!

साहेबांनी सकाळीच बजावलं, "दुपारी टँकरमालक येतायत. आज पान पुन्हा पांढरं झालं, तर काम पुण्याच्या कंपनीला जाईल. मग आपण वेरूळला जाऊन टोप्या विकू."

टोपी विकायला आधी घालून दाखवावी लागते, आणि टोपीत मी भयंकर दिसतो. मी खुर्चीला चिकटलो.

घोळ आमच्याच जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे पानामागं राबणाऱ्या तयार कोडच्या गाठोड्यात होता. 'गल्लीचे टँकर शोध' म्हटलं, की ती सापडलेले टँकर एका डब्यात घालून द्यायची. मग त्या डब्याला 'दाखव', 'रंगव' असे हुकूम सोडायचे. पण टँकर नसले तर ती डबाही देत नसे. पुढचा हुकूम हवेत जायचा आणि सगळा कारभार आडवा.

"प्रत्येक हुकमाआधी तपासू, डबा हाय का नाय," पिशोरची माझी सहकारी म्हणाली.

"वेरूळच्या डोंगराला छिन्नीचे घाव कमी बसले असतील, इतके हुकूम आहेत! नाही. डबा दर वेळी द्यायचाच. काही नसलं तर रिकामा."

"व्हय रे शहाण्या! माझी चुलती पाव्हण्यांपुढं असाच डबा फिरवती, लाडू नसलेला."

"पण पाहुणे भांडतात का?"

"नाय. पण लोकांना कसं कळंल, टँकर नाय का आपलंच चुकलं?"

हे मात्र खरं होतं. मग डब्यालाच विचारायचं ठरलं, आत किती? शून्य म्हणाला, तर त्या गल्लीपुढं 'आज टँकर नाही' असं लिहायचं. जेवण सोडून आम्ही लायब्ररीचा कोपरान् कोपरा उलथला.

टँकरमालक आले. त्यांनी पहिली आपलीच गल्ली उघडली. 'आज टँकर नाही.' बाकीच्या सगळ्या गल्ल्या जागच्या जागी.

"माझ्याच दारात नाही?" ते गरजले. मग आमच्या साहेबांना म्हणाले, "पान खरं बोलतंय. काम तुमच्याकडंच राहू दे," आणि फोनवर ड्रायव्हरला असं झापलं, की खुलताबादच्या चढावरचा टँकर तिथल्या तिथं वळला म्हणतात.