कानातला कापूस

मंडळी, आज सकाळी जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं गेल्तो. वर्षभरापासून दोन्ही कानांत सारखी शिट्टी वाजून राह्यली. कुकरसारखी, फक्त ही गॅस बंद केल्यावर थांबत न्हाई.

डॉक्टरबाईंनी आधी मळ बघितला, तो नव्हता. पडदा बराबर निघाला. बीपी, शुगर, चालू गोळ्या, सगळं विचारलं. म्हणाल्या, "या सगळ्यानंही कान वाजतात." मंग विचारलं, "काम काय करता?"

म्हटलं, "मंठ्याला कापसाच्या जिनिंग मिलवर फिटर आहे, अठरा वर्षं झाली. पण मशीनजवळ जाताना कानात कापसाचा बोळा घालतो. बिलकुल चुकवत न्हाई."

त्या म्हणाल्या, "दादा, कापसानं मशीनचा एवढा आवाज अडत नाही, त्यानंच कान खराब झालेत. जेवढं ऐकू येणं गेलं ते परत येणार नाही. शिट्टीची सवय करून घ्या."

माझं जाऊ द्या. पण नवीन येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो बोळा घालायला मीच शिकवलं.

दुपारी तसाच कामावर गेलो. माझ्या जोडीदाराला, शिवाजीला, बोळे काढायला लावून सगळं सांगितलं. विचारलं, "तुझ्याबी कानात वाजतं का?"

"वाजतं की. सगळ्यांच्याच वाजतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, शांतता अशीच असती."

बोळे परत घालून तो मशीनकडं गेला. थोड्या वेळानं मीबी गेलो.

तुमच्यापैकी ज्याच्या कानात काहीच वाजत न्हाई, त्यानं खाली लिहा. कसं असतं ते? मला आता आठवत न्हाई.