फिका सदरा

पर्वत पाटिया भागातल्या साड्यांच्या दुकानात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात उखा महाजन एक इंग्रजी शब्द शिकले. तो त्यांनी ऐकला नाही, पाहिला.

दुकान फोनवर चालतं. मालक निकुंजभाई हातात मोबाइल धरून उभे राहतात, इंदूरच्या नाहीतर नागपूरच्या बायका पडद्यावर साड्या बघतात. साडीची घडी मोडून पदर समोर धरणं आणि माल सांगणं हे उखांचं काम. गिऱ्हाइकाला साडी पसंत पडली नाही की निकुंजभाई मान वळवून सांगायचे, "लाउड है, दूसरी." राणी रंगावर पोपटी काठ, लिंबूवर जांभळा, चार-पाच साड्या अशा परत गेल्यावर उखांनी अर्थ लावला. लाउड म्हणजे भडक.

अर्थ बरोबर होता.

उखा मूळचे पारोळ्याकडचे. वय बावन्न. सत्तावीस वर्षं भेस्तानच्या एका पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग चालवले. साठ माग एकदम धडधडतात तिथे माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, उरलेलं हातांनी भागवतात. मिशीवर बोट म्हणजे देखरेखीचा मास्तर येतोय. कानामागे पंजा म्हणजे मोठ्याने बोल. हळू बोल, अशी खूण त्या खात्यात नव्हती. कुणाला लागलीच नाही. दहा-बारा वर्षांत उखांचे कान गेले. एका शिबिरात कानाचं यंत्र मिळालं होतं, त्यातून नुसता वाऱ्यासारखा घोंगाट यायचा. ते डब्यात आहे. गेल्या वर्षी जुने माग भंगारात गेले, नव्या मशीनवर तरुण पोरं घेतली. शेजारच्या वाल्मिकच्या ओळखीने साडीचं दुकान मिळालं. दोन महिने बघू, मग पक्कं, असं ठरलं होतं. दुसरं काम कुठे नव्हतं.

पाचव्या आठवड्यात निकुंजभाई फोन बाजूला करून म्हणाले, "काका, आप बहोत लाउड हो."

उखांनी अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं. तांबड्या चौकड्यांचा होता. त्यांनी मान हलवली.

घरी त्यांनी बायकोकडे दुसरा सदरा मागितला. प्रमिलाबाईंनी चौकड्यांचा सदरा उजेडात धरला.

"हाऊ भडक शे? धुई धुई याना रंग ऱ्हायना नही!"

"शेठले लाउड दिखस," उखा म्हणाले. पलीकडच्या खोलीतल्या भाडेकरूनेही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते पांढरट सदरा घालून गेले. दुपारी निकुंजभाई पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी उखांनी मनगटावरचा लाल गंडा सोडून खिशात ठेवला, कपाळाचा टिळा पुसला. चौथ्या दिवशी निकुंजभाईंनी हात जोडले. "काका, समझ में नहीं आता क्या? लाउड!"

संध्याकाळी उखांनी विषय मुलीपुढे काढला. योगिता नववीत आहे. ती आधी हसली, मग वडिलांच्या समोर येऊन बसली.

"पप्पा, कपडा नहीं. आवाज. लाउडस्पीकर नाही का?"

लाउडस्पीकर उखांना लहानपणापासून ठाऊक होता. त्यातला लाउड वेगळा काढून त्यांनी कधी पाहिला नव्हता. योगिताने वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं: मोठा आवाज, हा पहिला अर्थ. रंगाचा अर्थ नंतरचा.

"मंग सदरा?" उखांनी विचारलं.

"सदराच गुन्हेगार शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तोच बोंबलस दिनभर."

त्या दिवसापासून घरात सराव सुरू झाला. योगिता तळहात खाली करायची, म्हणजे हळू. उखा आवाज उतरवायचे. तिचा हात आणखी खाली जायचा. कधी ते इतके हळू बोलायचे की काहीच निघायचं नाही, आणि त्यांना ते कळायचं नाही. शेवटी एक उपाय सापडला. गळ्यावर दोन बोटं ठेवली की थरथर कमीजास्त झालेली कळते. बोटांखाली जेमतेम थरथर राहिली की आवाज माणसांतला. तीन दिवसांत ते जमलं. चौथ्या दिवशी ते त्या तयारीने दुकानात गेले.

साडी धरायला दोन्ही हात लागतात.

उखांनी आठवडाभर जमेल तसं केलं. एकदा हनुवटी गळ्याशी दाबून बोलून पाहिलं. एकदा साडी खांद्यावर टाकून एक हात मोकळा केला, तर काठ दिसेनात. दोन दिवस बोललेच नाहीत; एका बाईंनी तीनदा ब्लाउज पीस विचारला आणि निघून गेल्या.

शनिवारी त्यांच्या हातात हळदी रंगाची, गुलाबी काठाची साडी होती. "साडेपाच मीटर, ब्लाउज साथ में," ते म्हणाले. निकुंजभाईंनी मान वळवली. ओठांवर तोच शब्द होता.

उखांचे हात तसेच राहिले. "साड़ी, के मैं?"

दुकानातली सगळी माणसं वळून बघू लागली, त्यावरून आवाज केवढा निघाला ते त्यांना कळलं. निकुंजभाई काहीतरी बोलले. पण तोवर त्यांचं तोंड फोनकडे होतं, ओठ फोनमागे. उखा साडी तशीच धरून उभे राहिले. घडी करायची की आवाज उतरवायचा, ते त्यांना कळलं नाही.

दुकान बंद करताना निकुंजभाईंनी फोन गल्ल्यावर ठेवला, उखांच्या समोर आले आणि एकेक शब्द सुटा करून बोलले. "काका, कल से मत आना."

ह्या वेळी सगळे शब्द कळले. उखांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "अच्छा."