आक्कांची अ‍ॅम्बॅसिडर आणि आमचे पंधरा दिवस

तीन माणसं एका बॉनेटखाली वाकली, की गाडी सुरू होवो न होवो, सांगण्यासारखं काहीतरी निघतंच. आमच्याकडं तर त्याची रास झालीय. आम्ही म्हणजे रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेला मी, माझे वकील मित्र आणि पिरनवाडीचा बाबू मिस्त्री.

वडगावात माझ्या शेजारी सुमती आक्का राहतात. मूळच्या निपाणीच्या, जैन. त्यांच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवंगत यजमानांची अ‍ॅम्बॅसिडर वीस वर्षं उभी होती. मुलगा अजित म्हणाला, "पंधरा दिवसांत चालू झाली तर ठेवू. न्हायतर भंगारात!"

आक्का थेट माझ्या दारात. "सर, तुमच्या त्या मिस्त्रीला बोलवा."

* * *

पहिल्याच दिवशी बाबूनं एअर फिल्टर उघडला. आत रंगीत सुताचं झकास घरटं, आणि त्यात उंदराची पाच पिल्लं!

बाबूनं हात घातला तशा आक्का कडाडल्या, "हात लावायचा न्हाय! त्यांची आई येऊन घेऊन जाईल."

दोन दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं. बाबू म्हणाला, "सर, ह्या गाडीचे भाडेकरू तरी बिनातक्रार गेले!"

* * *

मग टाकी रिकामी केली. मी जुनं पेट्रोल का बिघडतं यावर दहा मिनिटं लेक्चर दिलं. बाबूनं ऐकून घेतलं, डबा हुंगला.

"एवढं कशाला सर? वार्निश झालंय!"

"मग माझी खुर्ची घासून ठेवतो," वकील म्हणाले.

* * *

खरी धडकी इंजिनानं भरवली. जाम! पुढून घालून फिरवायचं हँडल तसूभर हलेना. वकिलांनी बाह्या सरसावल्या, लाथ घातली, घाम गाळला.

बाबूनं त्यांना बाजूला केलं. "वकीलसाहेब, हे इंजिन हाय, साक्षीदार न्हाय! दमदाटीनं काय बोलत न्हाय."

त्यानं प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि पाच दिवस झाकून ठेवलं. सहाव्या दिवशी हँडल बोटभर फिरलं. मग अर्धं. मग अख्खं! साठी उलटलेले आम्ही दोघं शेडमध्ये नाचलो.

* * *

कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी बसवली, ब्रेकही करून घेतले. पंधराव्या दिवशी सकाळी अजित भंगारवाल्याचा टेम्पो घेऊनच हजर!

बाबूनं किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. एक खोकला. अजित घड्याळ बघायला लागला. तिसऱ्यांदा फाड् फाड् करत निळा धूर शेडभर झाला आणि त्या धुरातून इंजिन लागलं की हो एका लयीत गायला! भंगारवाल्यानंच पहिली टाळी वाजवली.

अजितनं डोळे पुसले. धुरानं असेल. अदबीनं मागचं दार उघडून म्हणाला, "बस आई. बाबू फिरवून आणंल."

आक्कांनी पदर खोचला, पुढं गेल्या आणि बाबूच्या खांद्यावर टिचकी मारली.

"सरक रं तिकडं. आमच्या ह्यांना गाडी शिकवली कुणी, असं वाटतंय तुला?"